साक्ष : सुईण

३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पाकीट पाहून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू दोन मिनिटांत 'बरं चल, ठेवते' म्हणतेस, म्हणून लिहायला बसले. शिवाय हे काम फोनवर होण्यासारखं नाही.

आमचा शब्दकोश दहा वर्षं चाललाय आणि अजून पाच तरी चालेल. छापखान्यावरच्या दोन खोल्या, सात माणसं आणि भिंतभर लाकडी खण. एकेका खणात एकेका अक्षराची कार्डं. आमच्या मुख्य संपादकांना आम्ही पाठीमागे 'अर्धविराम' म्हणतो, कारण त्यांचं वाक्य कधी पुरं होत नाही. पण त्यांचा एक नियम पक्का आहे. कामधंद्यातला शब्द पुस्तकातून उचलायचा नाही. ज्यानं तो काम करताना वापरलाय त्याला विचारायचं, त्याच्या तोंडचं किंवा हातचं एक खरं वाक्य घ्यायचं, आणि कार्डाच्या तळाशी त्याचा धंदा लिहायचा. 'रंधा' या कार्डाखाली 'साक्ष : सुतार', 'भाता'खाली 'साक्ष : लोहार'. गेल्या महिन्यात मी एका गवंड्याला ओळंब्याबद्दल विचारायला चार मजले चढून गेले होते.

सध्या माझ्याकडे बाळंतपणाचे शब्द आलेत. सोबत बारा कार्डं आहेत. प्रसूतिगृहात तू चौतीस वर्षं काढलीस, त्यातली पंधरा तिथली मोठी बाई म्हणून. तुझ्यापेक्षा चांगली साक्ष कुठून आणू?

मला कळतंय की हा विषय आपल्या दोघींमध्ये सहा वर्षांत कुणी काढलेला नाही. मी तुझ्याच वॉर्डात बाळंत झाले, बाळ मेलेलंच जन्माला आलं, आणि त्यानंतर ना तू काही बोललीस ना मी काही विचारलं. आई असती तर तिनं आपल्याला समोरासमोर बसवलं असतं. असो. आता कामाचं म्हणून लिहितेय, जड वाटलं तर तसं कळव.

तुझे जावईबापू दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले असतात, संध्याकाळी ग्रीसचे डाग घेऊन येतात. तुला नमस्कार सांगितलाय.

तुझी,
भाची

१७ फेब्रुवारी

बयो,

जड कसलं वाटतंय! निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलेलंच नाही. शेजारीण विचारते ती पाणी आलं का एवढंच. तुझी कार्डं आली आणि मी दोन दिवस चष्मा पुसत बसले होते टेबलाशी. आधी एक सांगून ठेवते. माझ्या नावापुढे परिचारिका-बिरिचारिका लिहू नका. माझी आजी सुईण होती, मीही सुईणच. सरकारनं बिल्ला दिला म्हणून काम बदलत नाही.

कार्डं भरून पाठवली आहेत, पण तिथं जागा बोटभर, म्हणून इथं जास्तीचं लिहिते. 'वेणा' आणि 'कळ' यांत तुमच्या माणसानं फरक केलेला नाही. अगं, कळ एक येते आणि जाते. वेणा सुरू झाल्या म्हणजे आता माघार नाही. बाई दारातून आत येताना कशी चालते त्यावरून मी ओळखायची कोणतं काय ते. नवे डॉक्टर यंत्र लावून बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे.

'पायाळू'ला तुम्ही 'पायाकडून जन्मलेले' एवढंच लिहिलंय. बरोबर आहे. पण ते जन्मताना सुईणीच्या पोटात गोळा येतो तेही लिहा. 'अडणे'साठी वाक्य दिलंय: 'पहिलटकरीण अडलीये, मोठ्या बाईंना उठवा.' हे मी किमान हजार वेळा ऐकलंय. डब्याचा घास तोंडात असताना ऐकलंय.

'काटा' म्हणजे बाळाचं वजन करायचा काटा. हा शब्द घातलात हे फार बरं केलंत. आमच्याकडे जुना पितळी होता, झोळीचा. मग पांढरा ट्रेचा आला. पण नियम तोच राहिला, माझ्या आधीच्या मोठ्या बाईंनी घालून दिलेला. श्वास घेतलेलं मूलच काट्यावर ठेवायचं. ज्यानं घेतला नाही त्याचं वजन करायचं नाही, रजिस्टरात तिथं आडवी रेघ मारायची. त्या म्हणायच्या, आईला आकडा कळला की तो आकडा ती जन्मभर उचलत बसते. मीही पंधरा वर्षं तो नियम पाळला आणि नव्या मुलींना ओरडून ओरडून शिकवला. एकीनं मोडला होता, तिला मी तीन दिवस औषधाच्या खोलीत कपाट लावायला बसवलं.

बघ, तोंडाचा पट्टा सुटला की थांबत नाही. जावईबापूंना म्हणावं खड्ड्यात उतरताना वर कुणाला तरी उभं करत जा.

मावशी

ता.क. एक कार्ड राहिलंय. डोळे दुखायला लागले.

२६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझी कार्डं ऑफिसात हातोहात फिरली. 'सुईणीच्या पोटात गोळा येतो' हे अर्धविरामांनी मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, 'हे शास्त्रीय नाही, पण...' आणि नेहमीसारखे थांबले. आम्ही ते ठेवतोय. टंकलेखन करणाऱ्या बाईंनी तर विचारलंय की मावशी कधी इकडे येणार आहेत का, त्यांची सून आठव्या महिन्यात आहे.

राहिलेलं कार्ड म्हणजे 'मृतजन्म'. अकरा कार्डं तू दोन्ही बाजूंनी भरलीस आणि हे कोरं आलं. घाई नाही. पण हा शब्द मी दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही. बोलण्यात तो कुणी वापरत नाही, तो फक्त तुमच्या रजिस्टरात असतो, आणि ते रजिस्टर तू लिहायचीस. तुझ्या हातचं एखादं वाक्य दे. कुणाचं नाव नको, काही नको. कुठे वापरायचा आणि कुठे वापरायचा नाही, एवढं सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
भाची

१२ मार्च

चि. भाचीस,

मृतजन्म : जन्माला येताना ज्याच्यात जीव नव्हता अशा मुलाचा जन्म. दवाखान्याच्या कागदपत्रांत वापरतात.

वाक्य द्यायला आता काही आठवत नाही. बायका हा शब्द वापरत नाहीत हे तुझं बरोबर. त्या म्हणतात, 'मूल हाती लागलं नाही.' तेच लिहा हवं तर.

माझा गुडघा पुन्हा धरलाय. गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायला वर जाववत नाही, दोन रोपं वाळली. उन्हाचं जपून राहा. शब्द ढीगभर आहेत, एखादा राहिला म्हणून कोश अडून बसत नाही.

मावशी

१९ मार्च

मावशी,

'दवाखान्याच्या कागदपत्रांत वापरतात.' हे तू लिहिलंस? तू? एका काट्यावर अर्धं पान लिहिणारी बाई इथं दीड ओळीत आटोपते?

आता मीही आडपडदा ठेवत नाही. 'मृतजन्म'चं कार्ड मला कुणी दिलं नव्हतं. बाकीची अकरा खरंच कामाची होती, हे बारावं मी त्यांत सरकवलं. मला वाटलं, समोर विचारलं तर तू उठून जाशील, पण कामाचा शब्द म्हणून विचारलं तर तू माझ्याशी त्या दिवसाबद्दल बोलशील. एवढाच माझा डाव होता. मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं की तो कसा आला, कुणी त्याला उचललं, कशात गुंडाळलं. त्याहून जास्त काही माझ्या डोक्यात नव्हतं.

पण मग तुझं काट्याचं कार्ड मी टंकायला दिलं, आणि परत आल्यावर तपासायला बसले. 'श्वास घेतलेलं मूलच काट्यावर ठेवायचं.' ते वाचता वाचता माझा हात थांबला. घरी आले, कपाटाच्या वरच्या कप्प्यातली फाइल काढली. सहा वर्षांत ती मी उघडली नव्हती. त्यात तुमच्या दवाखान्याचा घरी सोडतानाचा कागद आहे, तुझ्या अक्षरातला. तुझं अक्षर मी झोपेतही ओळखेन. त्यावर लिहिलंय: मुलगा. मृतजन्म. वजन एक किलो एकशे चाळीस.

तिथं आडवी रेघ नाही, मावशी. आकडा आहे.

मी हे कुणाला दाखवलेलं नाही. ह्यालाही नाही. तुला एकच विचारते. माझा मुलगा जिवंत होता का?

भाची

२३ मार्च

बयो,

घाईगर्दीत भरलं गेलं असेल. त्या दिवशी वॉर्डात काय चाललं होतं ते तुला माहीत नाही, तू शुद्धीवर नव्हतीस. शेजारच्या मुलाचं वजन तुझ्या कागदावर पडलं असेल. होतं असं. जुनं उकरून काढू नकोस, त्यातून काही निघत नाही.

मावशी

१० एप्रिल

पोरी,

अठरा दिवस झाले, तुझं पत्र नाही. मी रोज खाली जाऊन पेटी बघते, गुडघा असूनही. आज मीच लिहायला बसलेय.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. माझ्या वॉर्डात एकाचं वजन दुसऱ्याच्या कागदावर कधीही पडलेलं नाही. चौतीस वर्षांत एकदाही नाही. तुला फसवायला मी माझ्या कामालाच नावं ठेवली, आणि ते पाकीट पेटीत टाकून घरी येईपर्यंत मला स्वतःची लाज वाटायला लागली होती.

होता. जिवंत होता.

आता सगळं सांगते, मधे थांबवू नकोस. तुला आणलं तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. सातवा महिना. बाळाची वार आतल्या आत सुटली होती आणि रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी लगेच टेबलावर घेतलं. तुझ्या गटाचं रक्त आमच्याकडे एकच बाटली होती. दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी मूल बाहेर काढलं आणि माझ्या हातात दिलं, आणि पुन्हा तुझ्याकडे वळल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, पाहायला त्यांना सवडच नव्हती. त्यांना वाटलं गेलेलंच आहे. मलाही वाटलं. मग त्यानं हात हलवला. मी तोंड पुसलं, पाठ चोळली आणि त्यानं श्वास घेतला. रडला नाही. एवढं लहान मूल रडत नाही, कुरकुरतं. मी सवयीनं त्याला काट्यावर ठेवलं. हात आपोआप तिकडे गेले, आकडाही रजिस्टरात लिहून टाकला.

एवढ्या लहान मुलाला काचेची पेटी लागते. आमच्याकडे नव्हती. ती मुलांच्या मोठ्या दवाखान्यात, नदीपलीकडे, पाऊण तासावर. रक्तपेढी बरोबर उलट्या बाजूला, अर्ध्या तासावर. आणि दवाखान्याची गाडी एक. ड्रायव्हर दाराशी इंजिन चालू ठेवून थांबला होता, मी सांगेन तिकडे जायला. जावईबापू त्याच्या शेजारी बसले होते, हातात रक्ताची चिठ्ठी. त्यांना मूल झालंय हेही माहीत नव्हतं.

मी मूल झग्याच्या आत छातीशी धरून दारापर्यंत गेले. आत डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, रक्त, रक्त. मी ड्रायव्हरला म्हटलं, रक्तपेढी. आणि दार लावून घेतलं.

दुसरी गाडी मागवली होती. ती आली सव्वा अकराला. तो अकरा वाजता गेला. चाळीस मिनिटं होता तो. सगळा वेळ माझ्या अंगावर होता, झग्याच्या आत, उबेला. मी त्याला एक क्षणही खाली ठेवलं नाही. हे तुला सांगायला हवं होतं, पहिल्या दिवशीच. त्यानं कुणाची तरी ऊब घेतली, एवढं तरी तुला माहीत असायला हवं होतं.

मग मी त्याला धुतलं, पांढऱ्या चादरीत गुंडाळलं आणि रजिस्टर उघडलं. वजन आधीच लिहिलेलं होतं. त्याच्यापुढे मी मृतजन्म लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी सही केली, विचारलं नाही. लोक म्हणतील आईचं दुःख वाढू नये म्हणून लिहिलं. मीही स्वतःला तेच सांगत आले. वॉर्डात अशी दया आम्ही सगळ्याच करायचो. मिनिट-दोन मिनिटं जगलेल्याला 'मेलेलाच आला' म्हणायचो, म्हणजे बाई 'मी असते तर' असं म्हणत बसत नाही. पण तुझ्या बाबतीत ती दया नव्हती. मी घाबरले होते. तो जिवंत होता म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस की मग गाडी कुठे गेली होती. आणि मला सांगावं लागलं असतं की माझ्यासमोर दोन जीव होते, तुला हात लावायला डॉक्टर होती, त्याला फक्त मी होते, आणि मी तुला निवडलं.

तो पाऊण तास गाडीत टिकला असता का? माझा अनुभव म्हणतो नाही. पण मी तुझ्याशी पुन्हा खोटं बोलणार नाही. मला माहीत नाही.

मरताना तुझ्या आईनं माझा हात धरून सांगितलं होतं, पोरीला सांभाळ. त्या दारात मला तेवढंच ऐकू येत होतं. हे सबब म्हणून सांगत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन. पण तो शब्द मात्र लिहिणार नाही.

मावशी

२० मे

पोरी,

चाळीस दिवस झाले. रागाव, शिव्या दे, म्हण की तोंड बघणार नाही. पण लिही. फोन उचलत नाहीस, म्हणून जावईबापूंच्या नंबरवर लावला. ते म्हणाले, 'बरी आहे, मावशी, वेळ द्या.' आवाजावरून कळलं की त्यांनाही ठाऊक झालंय.

मावशी

९ जून

मावशी,

मी तुला तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या. दुसऱ्यात नुसते आभार होते आणि ते वाचून मला माझाच राग आला. तिसरं मला आठवत नाही.

मला तुझा राग कशाचा आहे ते नीट सांगते, कारण तू चुकीच्या गोष्टीला घाबरत बसली आहेस. तू मला वाचवलंस याचा राग नाही. रात्रंदिवस विचार केला, तुझ्या जागी स्वतःला उभं केलं, ह्याला उभं केलं, आईला उभं केलं. सगळ्यांनी तेच केलं असतं. मी हे ह्याला सांगितलं तेव्हा तो कामावरून आला होता, बूट काढत होता. एक बूट हातात घेऊन तसाच बसला. मग म्हणाला, 'मी रक्त घेऊन आलो तेव्हा मावशींच्या हातांना साबणाचा वास येत होता. त्या त्याला आंघोळ घालून आल्या होत्या तर.' आणि मग हा माणूस रडला गं. सहा वर्षांत पहिल्यांदा. माझ्यासमोर तेव्हा रडला नव्हता, मला त्रास होईल म्हणून.

राग दुसराच आहे. सहा वर्षं मला कुणी विचारलं, मुलं किती, की मी म्हणत आलेय, 'नाही.' दवाखान्यात, बँकेत, गाडीत शेजारी बसलेल्या बाईला. एकदाही म्हणाले नाही की एक होता. कारण तू लिहून दिलं होतंस की तो नव्हताच. तो आला, श्वास घेतला, चाळीस मिनिटं राहिला, आणि मी त्याची आई असून रोज उठून त्याला 'नाही' म्हणत राहिले. तू ते माझ्याकडून करवून घेतलंस. हे मी तुला लगेच माफ करू शकत नाही. कधी करेन ते माहीत नाही.

आता कामाचं. आम्ही दोघं नोंदणी कार्यालयात गेलो होतो. लांबलचक दालन, पाच खिडक्या, तिसऱ्या खिडकीत एक वयस्कर बाई. तिला सगळं सांगितलं. तिनं नियमांचं पुस्तक काढून वाचून दाखवलं. मृतजन्म म्हणजे ज्या मुलानं आईपासून वेगळं झाल्यावर जिवंतपणाची एकही खूण दाखवली नाही ते. एकही, मावशी. एक श्वास, एक हालचाल, एक ठोका दिसला तरी तो जन्म. त्याला जन्माचा दाखला मिळतो आणि मग मृत्यूचा. किती वेळ जगला याला मर्यादा नाही. तुझ्या त्या कोऱ्या कार्डावर आता मी हेच लिहिणार आहे.

पण नोंद बदलायची तर त्या वेळी हजर असलेल्या माणसाचा लेखी जबाब लागतो. डॉक्टरीणबाई वारल्या. उरलीस तू. तुला लिहून द्यावं लागेल की रजिस्टरातली नोंद तुझ्या हातची आहे आणि खोटी आहे. ती बाई म्हणाली की दवाखाना चौकशी लावू शकतो. तुझं नाव खराब होईल. तुझ्या हाताखाली शिकलेल्या सगळ्या मुलींना कळेल. मी तुला गळ घालत नाही. फक्त काय लागतं ते कळवलंय.

भाची

१६ जून

बयो,

तुझं पत्र तिसऱ्याच दिवशी दुपारी आलं. संध्याकाळच्या आत मी शिक्का मारणाऱ्या वकिलाकडे जाऊन आले. रिक्षावाल्यानं पायऱ्या चढायला हात दिला. मूळ कागद टपालानं थेट कार्यालयात गेलाय, नक्कल सोबत आहे.

वकील म्हणाला, 'बाई, "नजरचुकीनं" असा शब्द घालू का? म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही.' मी म्हटलं, नजर एकदम चांगली होती, चुकी माझी होती. त्यानं दोनदा विचारलं, मग मी सांगितलं तसं लिहून घेतलं. असं लिहिलंय:

'मी त्या दिवशी प्रसूतिगृहाची मुख्य सुईण होते. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी जन्मलेला मुलगा जिवंत होता. त्यानं श्वास घेतला, हात हलवला, आवाज केला. मी त्याचं वजन केलं. तो अकरा वाजता वारला. रजिस्टरात मी त्याच्यापुढे मृतजन्म हा शब्द लिहिला. तो शब्द खोटा आहे हे लिहिताना मला माहीत होतं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं.'

कार्यालयानं विचारणा केल्यावर काल दवाखान्यातून फोन आला. आताची मोठी बाई माझ्याच हाताखाली शिकलेली, औषधाच्या खोलीत कपाट लावायला बसवलं होतं ती. रडत होती. म्हणाली, 'मोठ्या बाई, तुम्ही?' मी म्हटलं, हो, मीच. तिला म्हटलं, आता तू वॉर्डात एक गोष्ट कर. मिनिटभर जगलेल्यालाही जगला असंच लिही, आणि आईला सांग. तिनं 'हो' म्हटलं. चौकशीचं पत्रही येईल. येऊ दे. कर त्याला डर म्हणतात ते बरोबरच आहे, पण माझी डर आता सरली.

माफीबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. तुझा हक्क आहे, मी मागणार नाही.

मावशी

३० जून

प्रिय मावशी,

आज दोन दाखले मिळाले. एक जन्माचा, एक मृत्यूचा. दोन्हींवर तारीख तीच. तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी ते एका पाकिटात घालून दिले नाहीत, दोन वेगळ्या पाकिटांत घालून दिले.

जन्माच्या अर्जात मुलाचं नाव लिहायचं होतं. आम्ही दोघं तिथंच बाकावर तासभर बसलो. सातव्या महिन्यापर्यंत आम्ही एकही नाव ठरवलेलं नव्हतं, वाटायचं बराच वेळ आहे. मग ह्यानं एक सुचवलं, मी एक सुचवलं, आणि शेवटी जे लिहिलं ते दोघांपैकी कुणाचंच नव्हतं. पण लिहिल्यावर दोघांनाही वाटलं की हेच. ते मी पत्रात लिहीत नाही. तुला समोर बसवून सांगायचंय.

राग आहे अजून. अर्धविरामांनी परवा विचारलं, 'सुईणमावशींचं काही...' आणि मी 'त्यांचा गुडघा दुखतोय' म्हणून विषय बदलला. पण राग असतानाही तुला बोलवावंसं वाटतंय, त्याला काय करू? जगात त्याला पाहिलेलं एकच माणूस आहे आणि ते तू आहेस. ह्यानं त्याला पाहिलं नाही, मी पाहिलं नाही. मला माझ्या मुलाचं वजन माहीत आहे, वेळ माहीत आहे, बाकी काही माहीत नाही.

हा शनिवारी गाडी घेऊन येईल, जिने चढायला हात देईल, गुडघ्याची काळजी करू नकोस. दोन-चार दिवस राहायच्या तयारीनं ये. केस होते का त्याला? किती? बोटं कशी होती, डोळे उघडले होते का, कुणाचं नाक घेतलं होतं? दहा वीसपासून सुरू कर आणि काहीही गाळू नकोस.

तुझी,
भाची